भाजलेल्या मातीचें शिल्प

शाडूची गणेशमूर्ति पाण्यांत सोडली म्हणजे थोड्या वेळांत विरघळते आणि मागें नुसता गाळ उरतो. उलट, गांवाच्या जुन्या पांढरींत दोन हजार वर्षांपूर्वींचें एखादें खापर सांपडतें, तें कितीहि दिवस पाण्यांत ठेवलें तरी त्याचा चिखल होत नाहीं. दोन्ही वस्तु मातीच्याच. भेद आहे तो अग्नीचा. सुमारें ४५० ते ६०० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत मातीच्या कणांच्या घटनेंतच बांधलेलें पाणी निघून जातें, आणि एकदां तें गेलें कीं ती माती पुन्हां मळतां येत नाहीं. मातीच्या शिल्पकाराची सारी कला या एका घटनेभोंवतीं फिरते. कारण त्यानें घडविलेल्या वस्तूचा शेवटचा निवाडा भट्टी करीत असते.

लहानशा कार्यशाळेंत फारसें साहित्य लागत नाहीं. एक भक्कम मेज, लांकडी कोरण्या, माती कापण्याची तार, ओलें फडकें आणि भट्टी एवढ्यावर काम चालतें. मातीची निवड मात्र विचारानें करावी लागते. चाकावर चढणारी मऊ, चिकट माती शिल्पाला एकटी पुरत नाहीं. वाळतांना ती फार आटते व तडकते. म्हणून तींत भाजलेल्या मातीचा भरड चुरा मिसळतात. हा चुरा पूर्वींच आटलेला असल्यामुळें पुन्हां आटत नाहीं, आणि त्याच्या कणांलगतच्या वाटांनीं आंतील ओल बाहेर पडते. महाराष्ट्रांतील कुंभार मातींत राख व लीद घालतात, त्यामागेंहि माती मोकळी करण्याचाच हेतु आहे.

शिल्प भरीव करून चालत नाहीं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून तें पोकळ उभारतात, किंवा भरीव घडवून, थोडें आवळल्यावर, तारेनें कापून आंतून पोखरतात. भिंतीची जाडी सर्वत्र शक्य तों सारखी, सुमारें बोटभर असावी. हात, कान यांसारखे भाग जोडतांना दोन्ही बाजूंवर चरे पाडून पातळ माती लावतात. दोन्ही भागांची ओल सारखी असली पाहिजे. ओला कान सुकलेल्या डोक्याला लावला, तर तो वाळतांना अधिक आटून निखळतो.

यापुढचा काळ धीराचा आहे. शिल्प झांकून, वाऱ्यापासून दूर, कित्येक दिवस वाळवावें लागतें. मातींत राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यानें शिल्प भट्टींत फुटतें, अशी समजूत सर्वत्र आहे. खरा अपराधी बहुधा पाणी असतें. आंत ओल उरली असतां ती १०० अंशांपाशीं वाफ होते; त्या वाफेला वाट मिळाली नाहीं कीं ती भिंत फोडते, आणि शेजारचीं शिल्पेंहि तिच्या तुकड्यांनीं जायबंदी होतात. एका दिवसाच्या घाईनें महिन्याचें काम जातें तें असें. म्हणूनच पोकळ शिल्पाला एखादें लपतें छिद्र ठेवतात आणि प्रारंभीं आंच अगदीं मंद देतात. ५७३ अंशांपाशीं मातींतील गारेचे कण एकाएकीं फुगतात व निवतांना तितकेच आकसतात. त्या टप्प्यावरहि चढतां-उतरतां सावधगिरी लागते. पहिलें भाजणें बहुधा १००० अंशांच्या आसपास थांबवतात.

मोठ्या शिल्पाचा प्रश्न प्राचीनांनीं भाग पाडून सोडविला. रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयांत चेर्वेतेरी येथील एत्रुस्कन दंपतीची शवपेटी आहे. इसवी सनापूर्वीं ५२० च्या सुमाराची ही मातीची कृति जवळजवळ दोन मीटर लांब असून, मंचकावर रेललेलें तें हसतमुख जोडपें चार भागांत घडवून भाजलेलें आहे.

शेवटचा संस्कार पृष्ठभागाचा. माती अर्धवट सुकली असतां तिला गेरूचा लेप देऊन गुळगुळीत गोट्यानें घोटलें तर मंद तकाकी येते; मात्र आंच फार चढली कीं ती नाहींशी होते. झिलई ही वस्तुतः कांचच. गारेची पूड, तिला वितळविणारीं द्रव्यें व थोडी माती पाण्यांत कालवून ती भाजलेल्या शिल्पावर चढवितात आणि पुन्हां भाजतात. तांब्याच्या भस्मानें भरपूर हवेंत हिरवा व हवा कोंडल्यास तांबडा रंग येतो. परंतु जाड झिलईखालीं पापणीची, ओठाची रेषा बुजते. म्हणून पुष्कळ शिल्पकार केवळ लोखंडाच्या भस्माचें पाणी फिरवून तें पुसून घेतात. खांचांत उरलेला रंग मुद्रा उठावदार करतो. तळ मात्र स्वच्छ पुसावा, नाहींतर शिल्प भट्टीच्या फळीला चिकटतें.

स्वतः कारागिरालाहि जपावें लागतें. कोरड्या मातीची व गारेची बारीक धूळ वर्षानुवर्षें छातींत गेल्यास फुप्फुसें निकामी होतात; यास्तव कार्यशाळा झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी. शिशाची झिलई तर विषारीच.

भट्टी विझल्यावरहि ती लगेच उघडतां येत नाहीं. निवण्यास दिवस-रात्र लागते, आणि त्या वेळांत करण्यासारखें कांहींच नसतें. दार उघडल्यावर कधीं तडा दिसतो, कधीं मनांत नसलेला सुंदर रंग. तडा गेलेल्या शिल्पाचाहि चुरा होतो व तो पुढच्या मातींत मिसळतो. अशा रीतीनें एका शिल्पाचें अपयश दुसऱ्याचें बळ बनतें.