उजेडात थिजलेलं कवच

लेखमाला : उजेड आणि पदार्थ — लेख सहावा

“मॅडम, मशीन लय शिट्टी मारतंय. घरात कुणालाच सहन होईना, म्हणून काढून ठेवलं.”

उस्मानपुऱ्यात, संत एकनाथ रंगमंदिरापासून पायी पाच-सात मिनिटांवरच्या एका छोट्या दवाखान्यात हे वाक्य ऐकलं. बोलणारी आई. तिच्या मांडीवर अडीच वर्षांची मुलगी. पर्समधून काढलेल्या डबीत कापसावर ठेवलेली दोन श्रवणयंत्रं. किती दिवस झाले, असं ऑडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं. “तीन आठवडे असतील.” बाई रागावल्या नाहीत. यंत्राला जोडलेला मऊ, पारदर्शक तुकडा त्यांनी मुलीच्या कानात बसवला आणि करंगळीने हलकेच ढकलून पाहिला. तो हलला. “मशीन ठणठणीत आहे हो, ताई. कान मोठा झालाय. मोल्ड बदलायचा.”

मागच्या आठवड्यात आपण दातांच्या डॉक्टरांच्या हातातला निळा दिवा पाहिला होता. चिकट लगदा दातात भरायचा, वीसेक सेकंद दिवा धरायचा आणि लगद्याचा दगड. तेच रसायन कानापर्यंत कसं पोचलं आणि तिथून मुलाच्या भाषेपर्यंत कसं जातं, हे आज सांगायचं आहे. या दोन गोष्टींचा संबंध मला स्वतःला त्या दवाखान्यात बसेपर्यंत नीट उमगला नव्हता.

आधी ती शिट्टी. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरच्या फार जवळ गेला की कर्णा किंचाळतो, तसंच हे. यंत्राने मोठा केलेला आवाज कानात कोंडून राहायला हवा. मोल्ड आणि कानाची भिंत यांत फट राहिली की तो बाहेर गळतो, कानामागच्या माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा गळतो. शिट्टी थांबवायची तर आवाज कमी करावा लागतो, नाहीतर यंत्र काढावं लागतं. दोन्हीकडून नुकसान मुलाचंच.

आणि नुकसान सगळ्या आवाजांचं सारखं होत नाही. ‘आ’, ‘ओ’, ‘म’ हे जाड, भरदार आवाज. त्यांतलं थोडं गळलं तरी थोडं पोचतं. ‘स’ मात्र बारीक आणि अशक्त. त्याची बहुतेक शक्ती चार हजार हर्ट्झच्या वर असते, आणि बाई किंवा लहान मूल बोलत असेल तर आणखी वर. शिट्टी घालवायला यंत्रातले वरच्या पट्टीचे आवाज दाबले की पहिला बळी जातो तो ‘स’चा. मग ‘साप’ आणि ‘माप’ यांत फरक करायचा तो ओठांकडे बघून. आणि स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून बोलणाऱ्या आईचे ओठ दिसत नाहीत.

अमेरिकेत पॅट्रिशिया स्टेल्माकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांना इंग्रजी ‘स’ आणि ‘झ’ कितपत ऐकू येतात, ते तपासलं. तिथे प्रश्न अनेकवचनाचा होता, कारण इंग्रजीत एक आणि अनेक यांतला फरक शब्दाच्या शेवटच्या त्या सुस्काऱ्यावर टांगलेला असतो. मराठीत तोच सुस्कारा क्रियापदाच्या शेवटी येतो. ‘आला’ आणि ‘आलास’, ‘खाल्ली’ आणि ‘खाल्लीस’: कोणाबद्दल बोलणं चाललंय, समोरच्याबद्दल की तिसऱ्याबद्दल, हे त्या ‘स’ने कळतं. आपल्या मराठवाड्यात ‘जेवला का?’ असं ‘स’ गाळूनही विचारतात, हे खरं. पण अंगणवाडीतल्या ताई आणि गोष्टीचं पुस्तक ‘जेवलास का?’ म्हणतात. ज्या मुलीला तो ‘स’ कधी ऐकूच आला नाही, तिने तो गाळला असं कसं म्हणायचं?

म्हणून वेळेला इतकं मोल आहे. कोलोरॅडोमध्ये ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांची भाषा तपासून १९९८ साली निष्कर्ष छापले. ज्यांचा दोष सहा महिन्यांच्या आत सापडला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. पुढे जगभर १-३-६ असा हिशेब रूढ झाला: पहिल्या महिन्यात चाळणी-तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार. पण सहाव्या महिन्यात यंत्र लागलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. बाळाचा कान वाढतो. पहिल्या वर्षात तर दर काही महिन्यांनी मोल्ड बदलावा लागतो. त्याहून लवकरही लागू शकतो. अंगडं आखूड झालेलं दिसतं. मोल्ड आखूड झाला की फक्त शिट्टी ऐकू येते, तीही घरच्यांना.

आता मोल्ड कसा घडतो ते. बाईंनी दुर्बिणीने कान तपासला, दोरा बांधलेला स्पंजचा एक इवलासा बोळा कानाच्या नळीत आत सरकवला, म्हणजे माप घ्यायचं द्रव्य पडद्यापर्यंत जाणार नाही. दोन रंगांचे सिलिकोनचे गोळे कणकेसारखे मळले, पिचकारीत भरले आणि कानात सोडले. मुलगी रडली. आईने तिचं डोकं छातीशी धरलं. चार-पाच मिनिटांत ते रबरासारखं झालं आणि बाहेर आलं तेव्हा कानाच्या आतल्या वळणांचा हुबेहूब ठसा बाईंच्या तळहातावर होता. अंगठ्याच्या पेराएवढा.

असे ठसे घेऊन अजूनही बरेच मोल्ड हाताने घडवले जातात, आणि चांगला कारागीर असेल तर उत्तम होतात. नव्या पद्धतीत ठसा स्कॅन होतो आणि संगणकावर त्याचं रूप तासलं जातं. मग येतो आपला उजेड. एका उथळ थाळीत द्रव राळ असते: अ‍ॅक्रिलेट जातीचे छोटे रेणू, आणि त्यांत चिमूटभर असा पदार्थ जो ठरावीक रंगाचा प्रकाश पडला की फुटतो. दातांच्या लगद्यात तो पदार्थ बहुधा कॅम्फरक्विनोन असतो, ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश पिणारा. प्रिंटरमध्ये प्रकाश ३८५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा, जांभळ्याकडे झुकणारा. फुटलेला तुकडा शेजारच्या रेणूला हात देतो, तो पुढच्याला, आणि बघता बघता साखळ्यांचं जाळं होतं. जिथे उजेड पडला तिथे घन, जिथे नाही तिथे द्रव. एकेक थर ०.०५ ते ०.१ मिलिमीटरचा. वीस मिलिमीटर उंचीची वस्तू घडवायला दोनशे ते चारशे थर.

मात्र पडलं-झडलं तर कडक प्लास्टिक लहान मुलाच्या कानाला इजा करू शकतं. मुलांना मऊ सिलिकोन हवं. म्हणून कारखान्यात एक युक्ती करतात, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. उजेडाने मोल्ड घडवतच नाहीत. घडवतात त्याचं पातळ, पोकळ कवच, अंड्याच्या टरफलासारखं. त्या पोकळीत सिलिकोन भरतात, ते आळलं की टरफल फोडून फेकून देतात. चारशे थरांनी घडलेली वस्तू केराच्या डब्यात जाते आणि तिच्या पोटातला मऊ तुकडा मुलीच्या कानात.

ज्या मोल्डमध्ये उजेडाने घट्ट झालेलं प्लास्टिकच थेट कातडीला लागतं, तिथे रसायनाची खरी परीक्षा. ही साखळी कधीच शंभर टक्के पुरी होत नाही. दातांच्या लगद्यातसुद्धा साधारण ५५ ते ७५ टक्केच दुहेरी बंध जुळतात. उरलेल्यांतले बरेचसे जाळ्याला बांधलेले राहतात, पण काही सुटे रेणू झिरपू शकतात आणि मेथाक्रिलेटची त्वचेला अ‍ॅलर्जी होते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. त्यात हवेतला ऑक्सिजन साखळी मध्येच तोडतो, म्हणून पृष्ठभाग चिकट राहतो. उपाय म्हणून वस्तू अल्कोहोलने धुतात आणि पुन्हा एकदा, शक्यतो नायट्रोजनमध्ये, उजेडाखाली ठेवतात. या दोन पायऱ्यांत घाई केली तर त्याची किंमत बाळाच्या कानातली कातडी लाल होऊन चुकवते. घरगुती प्रिंटर आता स्वस्त झालेत. उत्साहाने मुलासाठी मोल्ड छापणाऱ्या कुणी ही गोष्ट विसरू नये.

या तंत्राचा उगमही सांगायला हवा. नागोयाच्या महापालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेत हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने थरावर थर घट्ट करण्याची कल्पना १९८१ साली छापली. त्यांच्या पेटंटचा अर्ज मात्र पुरा झाला नाही. अमेरिकेत चार्ल्स हल यांना १९८६ साली पेटंट मिळालं. दोघांच्याही डोळ्यांसमोर वस्तूंचे नमुने होते. कान नंतर आला.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचा दोष कानात नसतो. कान उत्तम, बुद्धी चांगली, तरी वाक्य जुळत नाही, शब्द सापडत नाहीत, अशी मुलं असतात. या अवस्थेला आता विकासात्मक भाषा विकार म्हणतात. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांनी २०१७ साली हे नाव ठरवलं. इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत असा विकार सात टक्क्यांच्या थोडा वर सापडला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. आणि आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे खरं, पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूच्या आघाताने भाषा गेलेल्या माणसाभोवती बेतलेली आहे. वर्गातली ती दोन मुलं तिच्यात सहज बसत नाहीत. हे मला फार खटकतं.

कोणता दोष हे कळायचं तर पहिली पायरी एकच: कान तपासणं. आपल्याकडे ‘जीभ जड आहे’, ‘बापही उशिराच बोलला होता’ असं म्हणत वेखंड उगाळून चाटवण्यात वर्ष जातं. दुसरा गैरसमज इथल्या घराघरांत: घरात मराठी, गल्लीत दखनी, टीव्हीवर हिंदी, म्हणून पोर गोंधळलंय. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने विकार होत नाही. तपासणी मात्र मूल बोलतं त्या सगळ्या भाषांत व्हायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्यात श्रवणदोषही आहे आणि भाषेचा उशीरही. अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला ‘हिला हाक ऐकू येत नाही’ एवढं सांगितलं तरी पुढची वाट उघडते. मोठ्या रुग्णालयात ‘बेरा’ करायची आहे म्हटलं की कळतं; मूल झोपेत असताना ही श्रवणाची तपासणी होते.

नवा मोल्ड यायला दहा दिवस लागणार होते. तोवर जुनाच ठेवायचा, म्हणून बाईंनी यंत्राचा आवाज थोडा उतरवून दिला आणि आईला रोज सकाळी करायची एक परीक्षा शिकवली, डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली: आ, ई, ऊ, म, श, स. ओठ झाकून म्हणायचं. ऐकू आलं की मुलीने मणी डबीत टाकायचा. ‘आ’ला पडला. ‘म’ला पडला. ‘श’ला तिने आईकडे बघितलं आणि मग टाकला. ‘स’ला मणी मुठीतच राहिला.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. नव्या मोल्डने शिट्टी थांबली होती. आईने रुमाल ओठांपुढे धरून मीटरभर अंतरावरून ‘स’ म्हटलं आणि मणी डबीत वाजला. मग बाई खोलीच्या दारापाशी जाऊन ‘स’ म्हणाल्या. मुलगी डबीतले मणी मोजत बसली होती, तिने वर बघितलं नाही. बाईंनी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं: एक मीटर.