नसलेल्या फंक्शनचा बंदोबस्त

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचा जो पूर येतो, तो पेलणाऱ्या सर्व्हरमागे अर्लांग ही फंक्शनल भाषा आहे. १९८६च्या सुमारास स्टॉकहोममध्ये एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी तिची पायाभरणी केली. १९९८मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

अर्लांगमधली नेहमीची कामं ‘ओटीपी’ या तयार संचावर सोपवता येतात. त्यातला ‘जेन-सर्व्हर’ निरोप स्वीकारतो, उत्तरं पोचवतो आणि वेळ आली की आपल्या मॉड्यूलमधलं ठरलेल्या नावाचं फंक्शन बोलावतो. अशा फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. पूर्वी इनिट, हँडल-कॉल, हँडल-कास्ट, हँडल-इन्फो, टर्मिनेट आणि कोड-चेंज हे सहाही कॉलबॅक लिहावे लागत. गरज नसली तरी शेवटच्या तिघांच्या पोकळ ओळी जो तो चिकटवत असे. कॉलबॅक ऐच्छिक आहे असं जाहीर करायची सोय २०१५च्या ओटीपी १८मध्ये आली आणि २०१७च्या ओटीपी २०मध्ये हे तिघेही ऐच्छिक झाले.

पण फंक्शन ऐच्छिक केलं, की ते नसेल तेव्हा काय करायचं याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते. जेन-सर्व्हर ती दोन तऱ्हांनी निभावतो. टर्मिनेटच्या बाबतीत तो आधी विचारतो: या मॉड्यूलमध्ये या नावाचं, दोन आर्ग्युमेंटचं फंक्शन आहे का? असेल तर बोलावतो, नसेल तर पुढे जातो. हँडल-इन्फोला मात्र तो थेट हाक मारतो आणि ‘अनडेफ’, म्हणजे ‘असं फंक्शनच नाही’ ही एरर आली, तरच चौकशी करतो.

ही चौकशी फार मोलाची आहे. समजा, हँडल-इन्फो लिहिलेलं आहे, पण त्याच्या पोटात दुसऱ्या एखाद्या फंक्शनचं नाव चुकलंय. तेव्हाही एरर अनडेफच येते. ती सरसकट गिळली, तर खरा बग कायमचा दडून बसेल. म्हणून जेन-सर्व्हर पडताळतो. हँडल-इन्फो खरोखरच नसेल, तर लॉगमध्ये इशारा लिहून तो कामाला लागतो. असेल, तर चूक लपवत नाही, प्रोसेस कोसळू देतो.

‘फंक्शन आहे का’ या प्रश्नातही एक मेख आहे. मॉड्यूल मेमरीत लोड झालेलं नसेल, तर उत्तर ‘नाही’ असंच येतं. डेव्हलपमेंटच्या वेळी मॉड्यूल पहिल्या वापराला लोड होतं, तर सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या एम्बेडेड मोडमध्ये सगळी सुरुवातीलाच होतात. त्यामुळे तोच कोड लॅपटॉपवर एक वागतो आणि सर्व्हरवर दुसरंच. यावर उपाय एकच: आधी मॉड्यूल लोड करून घ्यायचं, मग विचारायचं.

जोसे व्हालिम यांनी २०११मध्ये सुरू केलेली एलिक्सिर भाषा अर्लांगच्याच यंत्रणेवर चालते. तिथे ‘यूज जेन-सर्व्हर’ एवढं लिहिलं, की यातल्या बऱ्याच कॉलबॅकची डीफॉल्ट रूपं मॉड्यूलमध्ये आपोआप येतात. हवं ते आपण बदलायचं. मात्र ऐच्छिक कॉलबॅकच्या नावात एक अक्षर चुकलं, तर ते ‘लिहिलेलंच नाही’ असं धरलं जातं आणि कुणी तक्रारही करत नाही. २०१७च्या १.५ आवृत्तीत आलेली ‘इम्पल’ ही खूण फंक्शनच्या डोक्यावर लावली, तर कंपायलर अशा चुकीवर लगेच बोट ठेवतो.

तेव्हा स्वतःची लायब्ररी लिहिताना, ज्या फंक्शनच्या नसण्याला स्पष्ट अर्थ आहे तेवढंच ऐच्छिक ठेवा. ते नसलं तर काय होईल, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. जमेल तिथे डीफॉल्ट द्या. आणि अनडेफ दिसली म्हणून लगेच ‘फंक्शन नसेल’ असं धरून चालू नका.