अपराधी बालक आणि भरपाईची सेवा

लष्कर हे नावच छावणीचे आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि त्या तळाचे पुढे शहर झाले. महाराज बाड्याभोवतीच्या जुन्या वस्त्यांतून आजही घराला घर लागून आहे. अशा वस्तीत एखाद्या मुलाने चोरी केली म्हणजे ज्याचे नुकसान झाले तो आणि ज्याने ते केले तो, असे दोघेही दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जातात. न्यायालयाचे काम संपल्यावरही गल्लीतला प्रश्न उरतोच. अल्पवयीन अपराध्याने समाजसेवेच्या रूपाने भरपाई करावी, या विचाराचा खुलासा म्हणूनच येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. कायद्याची तरतूद

अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून अपराध घडल्यास त्याची चौकशी २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बाल न्याय मंडळापुढे होते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात; त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असावी लागते. दोष सिद्ध झाल्यावर कलम १८ अन्वये मंडळापुढे अनेक मार्ग असतात : समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, परिवीक्षेवर मुक्तता, आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवणे. सेवेची ही तरतूद २००० च्या कायद्यातही होती. २०१६ च्या आदर्श नियमांनी तिचा अर्थ स्पष्ट केला. ही सेवा चौदा वर्षांवरील मुलांसाठी आहे; बागेची निगा, वृद्धांची शुश्रूषा, रुग्णालयातील मदत, अपंग मुलांची सेवा, वाहतूक स्वयंसेवकाचे काम अशी कामे तीत येतात. मंडळाने ठरविलेली संस्था, व्यक्ती वा गट यांच्या देखरेखीखाली ती करावयाची असते.

यात एक उणीव आहे. मुलाने कोणाचे नुकसान केले, याचा सेवेच्या या व्याख्येत उल्लेखही नाही. याउलट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रौढांसाठी जी तरतूद आहे ती पाहावी. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या चोरीबद्दल प्रथमच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी असे ती सांगते. आधी परतफेड, मग सेवा, हा क्रम तेथे आहे. मुलांच्या कायद्यात तो शब्दांनी आलेला नाही.

२. घाईचा धोका

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे, सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. दोघेही आमच्या मध्य प्रदेशातील होते. त्याच दिवशी जामीन देताना मंडळाने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची व पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करण्याची अट घातली. देशभर संताप उसळला आणि पुष्कळांनी मुलांच्या कायद्यालाच दोष दिला.

आमच्या मते चूक मुख्यतः क्रमाची होती. जामीन म्हणजे निवाडा नव्हे. ज्याचा दोष अद्याप ठरलेला नाही, ज्याने तो कबूलही केलेला नाही, त्याच्याकडून भरपाई कशाची घ्यावयाची? उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने गेल्या काही वर्षांत अनेक प्रकरणांत जामिनाबरोबर झाडे लावून जगविण्याची अट घातली आहे. झाड लावणे चांगलेच. पण त्या सावलीला प्रायश्चित्ताचे नाव देता येत नाही.

३. जक्कयाचे दोन हिशेब

पवित्र शास्त्राचा या बाबतीतला काटेकोरपणा लक्षात घेण्याजोगा आहे. लेवीय व गणना या ग्रंथांत शेजाऱ्याला लुबाडणाऱ्याने पाप कबूल करावे, मूळ वस्तू पूर्ण परत करावी, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि दोषार्पणाचा मेंढाही आणावा, असे सांगितले आहे. वेदीवरील अर्पणाने शेजाऱ्याचे ऋण फिटत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय दोन वेगळे हिशेब मांडतो. अर्धी मालमत्ता तो दरिद्र्यांना देतो आणि ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करतो. पहिला हिशेब समाजाशी आहे, दुसरा नाव व चेहरा असलेल्या माणसांशी. आमची सामुदायिक सेवा पहिल्यावरच थांबते. आणखी एक गोष्ट अशी की, प्रभू त्याच्या घरी उतरावयास निघाला तो या हिशेबापूर्वी. स्वीकार आधी झाला, म्हणून परतफेडीचे बळ आले. कलम ७४ अन्वये मुलाचे नाव प्रसिद्ध करण्यास असलेली मनाई व नव्याने आरंभ करू देण्याचे कायद्याचे तत्त्व यांत आम्हांला याच सत्याची छाया दिसते.

४. व्यवहारात कसे घडावे

१९७४ साली कॅनडातील एल्मायरा गावी दोन तरुणांनी २२ ठिकाणी नासधूस केली. मेनोनाइट पंथाचे परिवीक्षा अधिकारी मार्क यांत्झी यांनी सुचविले की, या दोघांनी नुकसान झालेल्यांना प्रत्यक्ष भेटावे. न्यायाधीशांनी ते मान्य केले. दोघे दारोदार गेले, लोकांचे बोलणे ऐकले आणि काही महिन्यांत भरपाई केली. इंग्लंडच्या १९९८ च्या कायद्याने अशा भरपाईच्या कामास एकंदर २४ तासांची व तीन महिन्यांची मर्यादा घातली आणि पीडिताची संमती आवश्यक ठरविली. संमतीची ही अट मोलाची आहे. लैंगिक अपराधांत आरोपीचा पीडितेशी संपर्क घडविणाऱ्या जामिनाच्या अटी घालू नयेत, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेशातीलच एका प्रकरणात बजावले. समेट कोणावर लादता येत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. सोळा वर्षांच्या मुलाने लष्करातील एका किराणा दुकानाचा गल्ला फोडला व दोष कबूल केला. दुकानदार तयार असेल, तर परिवीक्षा अधिकाऱ्यासमोर त्याने मुलाला सांगावे की, त्या पैशांतून कोणाचा हप्ता भरावयाचा होता, रात्री झोप कशी उडाली. मुलाने जमेल तशा हप्त्यांनी रक्कम फेडावी. त्यानंतर रविवारी रुग्णालयात वा वृद्धांच्या घरी काम करावे, शाळा न बुडविता. आणि ते काम चारचौघांत त्याची लाज काढणारे नसावे. दुकानदार भेटीस तयार नसेल, तर रक्कम व मुलाचे दोन शब्द दुसऱ्याच्या हातून, तेही त्याची हरकत नसल्यास, पोहोचावेत. गरीब घरच्या मुलाला हप्ता झेपत नसेल, तर श्रमाचा भाग वाढवावा. पैशाअभावी त्याची विशेष गृहात रवानगी होऊ नये.

यासाठी देखरेख करणारी भली माणसे हवीत आणि कायद्याने त्यांना जागा ठेवलेली आहे. ख्रिस्तमंडळ्यांजवळ दवाखाने, शाळा व वृद्धाश्रम आहेत. आपल्या जिल्ह्यातील बाल न्याय मंडळाकडे जाऊन, अशा एखाद्या मुलाची जबाबदारी आम्ही घेऊ, असे लेखी कळविणे हे प्रत्येक मंडळीला शक्य आहे. मात्र त्याबरोबर दुकानदाराच्याही घरी जावे. त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आणि आम्ही धर्मसेवकही, हे कबूल केले पाहिजे, बहुधा मुलाच्याच दारी थांबतो.