हादऱ्याची साक्ष

धारवाडहून बेळगावकडे निघालेल्या प्रवाशाला महामार्गाच्या कडेला बेलूरची औद्योगिक वसाहत लागते. अशा वसाहतीतून एखादे नाजूक यंत्र परगावी पाठवावयाचे असले, की त्याच्या लाकडी पेटीत मुठीत मावेल एवढे एक नोंदयंत्र बसवून देण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी आहे. वाटेत पेटी कितीदा आदळली, कोणत्या बाजूने आदळली आणि त्या वेळी किती वाजले होते, हे सारे ते टिपून ठेवते. माल पोहोचल्यावर काही मोडलेले आढळले, तर दोष बांधणीचा की वाहतुकीचा, याचा निवाडा त्या टिपणांवरून करता येतो.

हाच महामार्ग पुढे कोल्हापूरवरून कऱ्हाडला जातो. कऱ्हाडहून पश्चिमेस पाटणच्या बाजूने घाटाकडे वळले, की कोयनानगर येते. तेथेही एक नोंदयंत्र होते. ते मुठीत मावणारे नव्हते आणि त्याची साक्ष एखाद्या पेटीपुरती नव्हती. धरणाच्या पोटात निरीक्षणासाठी ठेवलेले जे बोळ असतात, त्यांना अभियंते गॅलरी म्हणतात. अशाच एका गॅलरीत, '१-अ' या ब्लॉकमध्ये, ते यंत्र मांडलेले होते. दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना खोऱ्यात ६.३ प्रतीचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा तडकली, आणि कोयनेची वीज काही काळ बंद पडली. त्या अंधारात हे यंत्र मात्र आपले काम करीत होते.

हे काम नेमके कोणते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे. धावती मोटार एकाएकी थांबली, की उभा असलेला प्रवासी पुढे झुकतो. वाहन थांबले, पण त्याच्या शरीराची गती तात्काळ थांबली नाही, हे त्याचे कारण. पदार्थाच्या या गुणास जडत्व म्हणतात. नोंदयंत्रात स्प्रिंगवर तोललेले एक लहान वजन असते. यंत्राची चौकट जमिनीबरोबर हलते; वजन मात्र जडत्वामुळे मागे रेंगाळते. हे मागे राहणे जितके अधिक, तितके जमिनीचे त्वरण, म्हणजे वेगात दर क्षणी पडणारा फरक, अधिक. पूर्वी या वजनाला जोडलेल्या आरशावरून प्रकाशाचा किरण सरकत्या छायाचित्र-कागदावर पाडीत व त्याची रेघ उमटे. आज हेच वजन सिलिकॉनच्या कणाएवढे करून खिशातल्या भ्रमणध्वनीतही बसविलेले असते. फोन आडवा धरला की त्याच्या पडद्यावरील चित्रही आडवे होते, ते त्याच्याच जोरावर.

त्वरण मोजण्याचे माप पृथ्वीच्या ओढीवरून घेतात. सुटून पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटरने वाढतो. या त्वरणास 'जी' म्हणतात. कोयनेच्या यंत्राने तीन दिशांची तीन शिखरे नोंदविली: धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी. ०.६३ जी म्हणजे काय? दहा किलो वजनाची वस्तू त्या क्षणी सहा किलोहून अधिक भाराइतक्या जोराने आडवी खेचली जाते. डोक्यावर कौले व भिंतींत माती-दगड असलेल्या घराची काय अवस्था होत असेल, ते यावरून ध्यानात यावे.

आता या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवावा. धरणाची आखणी करताना भूकंपासाठी धरलेला गुणक होता ०.०५. दख्खनचे पठार स्थिर आहे, अशी त्या काळची समजूत होती आणि तिला अनुसरूनच तो धरला होता. आखणीतला गुणक हा सतत लागणाऱ्या स्थिर भाराचा असतो आणि नोंदीतले शिखर क्षणार्धात येऊन जाणाऱ्या हिसक्याचे असते, म्हणून या दोहोंची सरळ तुलना करणे शास्त्रास धरून होणार नाही. तरीही अंतर एवढे मोठे होते, की जुनी समजूत टिकणे अशक्य झाले. धरण उभे राहिले; परंतु सांडव्याच्या दोन्ही अंगांच्या उंच ब्लॉकांपैकी कित्येकांना आडव्या भेगा पडल्या. १०३ मीटर उंचीच्या या धरणाचा मागील उतार पायापासून सुमारे ६६ मीटरांवर एकाएकी बदलतो. भेगा पडल्या त्या प्रामुख्याने त्याच पातळीवर. त्या तेथेच का पडाव्यात, हे जुन्या पद्धतीच्या गणिताने उलगडत नव्हते. अमेरिकेतील बर्कली येथील प्राध्यापक अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोयनेची हीच नोंद गणितात घालून धरण क्षणाक्षणाला कसे हलले असेल, ते काढले. सर्वांत मोठा ताण उतार बदलतो त्याच जागी येतो, असे उत्तर निघाले. धरणाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट करण्यात आले, १९७० च्या सुधारित भूकंपसंहितेत कोयनेचा परिसर चौथ्या विभागात घातला गेला, आणि धरणे कशी तडकतात याचे गणित तपासण्यासाठी जगभरचे अभ्यासक आजही कोयनेचीच नोंद वापरतात.

एका यंत्राच्या थोड्याशा सेकंदांच्या रेघेतून एवढे निष्पन्न झाले, ते केवळ यंत्र चांगले होते म्हणून नव्हे. ते नीट मांडलेले होते, आणि हीच खरी ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. नोंदयंत्र धरणात मांडावयाचे असो, पुलावर असो, कारखान्यातील मोटारीवर असो की ट्रकमधील पेटीत असो, त्याचे नियम सारखेच आहेत.

पहिला नियम पक्केपणाचा. यंत्र ज्याची हालचाल मोजणार, त्याच्याशी ते एकजीव झाले पाहिजे. जमिनीसाठी खडकावर किंवा घट्ट जमिनीत काँक्रीटचा लहान ओटा घालून त्यावर ते बोल्टने आवळतात. मऊ गादीवर, डळमळत्या मेजावर किंवा नुसत्या फरशीवर ठेवलेले यंत्र जमिनीची नव्हे, स्वतःच्या डुलण्याची नोंद करते. पेटीत पाठविताना ते भरावाच्या गवतात खुपसून ठेवण्याचा मोह होतो. तसे केल्यास बसलेला आघात गवतच गिळून टाकते. ते पेटीच्या तळाला किंवा यंत्राच्या सांगाड्यालाच स्क्रूने घट्ट बसविले पाहिजे.

दुसरा नियम पातळीचा. यंत्र एक अंशाने कलले, तर पृथ्वीची ओढच ०.०१७ जी एवढ्या खोट्या आडव्या त्वरणाच्या रूपाने नोंदीत शिरते. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढावयाचे असते, आणि या वाटेवर चूक चक्रवाढ व्याजासारखी वाढते. एक हजारांश जी एवढीच चूक कायम राहिली, तरी दहा सेकंदांत हिशेबात सुमारे अर्ध्या मीटरचे खोटे सरकणे दिसू लागते. म्हणून पाणसळ लावून पाया समपातळीत आणतात आणि मगच बोल्ट आवळतात.

तिसरा नियम दिशेचा. यंत्राच्या अंगावर बाण असतो. तो उत्तरेकडे किंवा धरणाच्या लांबीला धरून लावावा, आणि कसा लावला ते वहीत लिहून ठेवावे. कोयनेत सर्वांत मोठा आकडा धरणाच्या लांबीच्या दिशेचा होता. पण अशी भिंत वाकते ती प्रवाहाच्या दिशेने. गणिताला उपयोगी पडला तो ०.४९ चा आकडा. कोणता आकडा कोणत्या दिशेचा, हे ठाऊक नसते तर तिन्ही आकडे जवळ असूनही उत्तर हाती आले नसते.

चौथा नियम वेळेचा. नोंदींची एकमेकींशी तुलना करावयाची तर घड्याळे जुळली पाहिजेत. आता उपग्रहांकडून अचूक वेळ मिळते, पण ती कोणत्या देशाची वेळ, हे लिहावेच लागते. कोयनेचा भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबरच्या पहाटेचा. परदेशी सूच्यांत तो १० डिसेंबर, रात्री १० वाजून ५१ मिनिटांनी झाल्याचे आढळते. भूकंप एकच आहे. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, एवढाच तो फरक.

पाचवा नियम टिपण्याच्या वेगाचा. आजची यंत्रे रेघ ओढीत नाहीत. सेकंदाला ठराविक वेळा आकडा टिपतात. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना कित्येकांनी पाहिले असेल. कॅमेरा पुरेशा वेगाने चित्रे घेत नाही, म्हणून हा भास होतो. नोंदयंत्रालाही असेच फसवे भास होतात. मिनिटाला १,५०० फेरे घेणारी मोटार सेकंदाला २५ वेळा थरथरते. तिची नोंद सेकंदाला ५० हून कमी आकडे घेऊन केली, तर कागदावर उतरते ते असत्यच. निदान दुप्पट हा सिद्धान्त झाला. व्यवहारात त्याच्या कितीतरी पट अधिक घेतात. भूकंपासाठी सेकंदाला २०० आकडे ही सर्रास वापरातली गती आहे.

या गतीने तीन दिशांचे मिळून दिवसाला ५ कोटी १८ लाख ४० हजार आकडे होतात. ते सगळे साठविणे प्रत्येक यंत्राला परवडत नाही. म्हणून हादरा ठराविक मर्यादेपुढे गेला, तरच नोंद सुरू व्हावी अशी योजना करतात. ही मर्यादा फार खाली ठेवली, तर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकने यंत्र जागे होते आणि खऱ्या प्रसंगी जागा उरत नाही; फार वर ठेवली, तर लहान धक्के निसटतात. म्हणून प्रथम काही दिवस त्या जागेची रोजची थरथर पाहून मगच मर्यादा ठरवावी. कागदाच्या यंत्रात धक्का जाणवल्यावर कागद फिरू लागे व आरंभाचा क्षण हातचा जाई; आताचे यंत्र मागील काही सेकंद सतत स्मरणात ठेवते व ते नोंदीला जोडून देते.

मांडणी झाली की परीक्षा. यंत्र बसविण्यापूर्वी ते सपाट मेजावर ठेवावे; उभ्या दिशेला १ जी आणि आडव्या दोन्ही दिशांना शून्य दिसले पाहिजे. मग उलटे करावे, एकेका कुशीवर ठेवावे. सहाही बाजूंनी आकडे बरोबर आले, तर यंत्र विश्वासाला पात्र समजावे. बसविल्यावर शेजारी पायाने ठोका द्यावा व नोंद उमटली का ते पाहावे.

एवढे झाल्यावर उरते ते सर्वांत कठीण काम: काहीही घडत नसताना लक्ष ठेवण्याचे. बॅटरी उतरते, तारा उंदीर कुरतडतात, ओल शिरते. दरमहा कोणीतरी जाऊन बॅटरी तपासावी, घड्याळ पाहावे, ठोका द्यावा आणि वहीत तारीख घालून सही करावी. महिने जातात, वर्षे जातात, काही होत नाही. आणि मग फेरी टाळली तरी चालेल, असे वाटू लागते.

ती टाळल्याची किंमत यंत्राला मोजावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे जाडजूड दगडमातीच्या भिंतींखाली गेली. तीव्रतेने तो कोयनेच्याच तोलाचा होता. पण त्या परिसरात भूकंपाची भीती कोणाला नव्हती, म्हणून मुख्य धक्का टिपणारे असे यंत्रही तेथे नव्हते. शास्त्रज्ञांनी नंतर सुवाह्य यंत्रे नेऊन गावोगाव मांडली आणि मागाहून येणाऱ्या लहान धक्क्यांवरून भूगर्भातील भंगाचा शोध घेतला. त्या श्रमांतून पुष्कळ कळले. परंतु घरे पडली त्या काही सेकंदांत किल्लारीची जमीन नेमकी किती हलली, याचा प्रत्यक्ष मोजलेला आकडा नाही. पडझडीवरून बांधलेला अंदाज तेवढा आहे. तेथे पुन्हा घरे उभारताना तो आकडा किती मोलाचा ठरला असता, हे सांगावयास नको.

कोयनेच्या खोऱ्यात लहानमोठे धक्के अजूनही बसतात, आणि कऱ्हाड येथे त्यांच्या अभ्यासासाठी खास संशोधनकेंद्रही उभे राहिले आहे. भूकंप केव्हा होईल, हे कोणतेही नोंदयंत्र सांगत नाही. झाला तेव्हा काय झाले, एवढेच ते सांगते. मात्र तेवढे सांगण्यासाठीही त्या पहाटे ते जागे असावे लागते. आणि ते जागे राहते ते मागच्या महिन्यात कोणीतरी जाऊन बॅटरी पाहिली व वहीत सही केली म्हणूनच.