परवान्यावरचे दोषगुण

‘गुण’ हा शब्द आपल्या भाषेत मोठा लवचीक आहे. मुलाला परीक्षेत चांगले गुण मिळाले की घरात पेढे येतात. औषधाचा गुण आला की वैद्याचे नाव होते. आणि एखाद्याने भलतेच काही करून ठेवले की, ‘उधळलेस ना गुण!’ असेही आपणच म्हणतो. मोटारगाडी किंवा फटफटी चालविणाऱ्याच्या परवान्यावर जे गुण चढवावेत असा विचार आपल्या देशात गेली काही वर्षे अधूनमधून होत आहे, ते या तिसऱ्या जातीचे आहेत. घोटाळा नको म्हणून आपण त्यांना ‘दोषगुण’ म्हणू. ही पद्धत काय आहे, आणि मुख्य म्हणजे ती न्यायाची आहे काय, एवढाच प्रश्न आपल्याला येथे पाहायचा आहे.

पद्धत सोपी आहे. वाहतुकीच्या प्रत्येक अपराधाला त्याच्या गांभीर्याप्रमाणे काही गुण ठरवून द्यायचे, लहानाला एक-दोन आणि मोठ्याला पाच-सहा. ते गुण चालकाच्या खात्यावर मांडायचे. ठरलेल्या मुदतीत त्यांची बेरीज ठरलेल्या आकड्यावर गेली की परवाना काही काळ बंद. मुदतीत नवा अपराध झाला नाही, तर जुने गुण पुसले जातात. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की ही उधारी पैशाने फिटत नाही, नीट वागण्याने फिटते.

आता तुम्ही म्हणाल, दंड आहे ना? मग हा नवा हिशेब कशाला? त्यासाठी वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेकडे जरा पाहा. (रेल्वेवरची सिंदी वेगळी, ही शहराला चिकटलेली.) येथून सकाळी वर्ध्याकडे निघणाऱ्या वाहनांत समजा तिघेजण आहेत. एक ऑटोरिक्षावाला, एक कचेरीत जाणारी बाई आपल्या स्कूटरवर, आणि एक धनवान व्यापारी आपल्या मोटारीत. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर १,००० ते २,००० रुपये दंड, असे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदा सांगतो. रिक्षावाल्याची यात दोन-तीन दिवसांची कमाई जाते. बाईंना महिन्याच्या खर्चात काटकसर करावी लागते. व्यापारी मात्र पैसे भरतो आणि पुढच्या वळणावर पुन्हा वेग वाढवतो. त्याच्या दृष्टीने तो दंड म्हणजे वेगाने जाण्याचे भाडे झाले! फिनलंड देशाने १९२१ पासून माणसाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात दंड घेण्याची रीत ठेवली, ती याचसाठी. दोषगुणांची पद्धत हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवते. तिघांनाही गुण सारखेच, आणि ते कोणाला विकत घेऊन फेडता येत नाहीत. या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा हाच आहे.

दुसरा मुद्दा स्मरणाचा. दंडाला स्मरणशक्ती नसते. पहिल्यांदा चुकलेला आणि दहाव्यांदा चुकलेला यांना साधी पावती एकाच तागडीत तोलते. अपघातानंतर चौकशी होते, पण तिने गेलेला माणूस परत येत नाही. २०२२ च्या जानेवारीत सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार कोसळून सावंगी मेघेच्या वैद्यकीय महाविद्यालयातले सात विद्यार्थी गेले, तो दिवस या भागातली माणसे विसरलेली नाहीत. त्याच वर्षी साऱ्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे शंभरातल्या सत्तरांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग होता. मोठ्या अनर्थाच्या आधी होणाऱ्या लहान चुका मोजाव्यात आणि वेळीच माणसाला थांबवावे, हा दोषगुणांमागचा हेतू आहे.

ही कल्पना काही आजची नाही. इंग्लंडात १९६२ च्या कायद्याने तीन वर्षांत तिसरा शेरा पडला की सहा महिने परवाना बंद होई. मग १९८२ पासून तेथे गुण आले. तीन वर्षांत बारा गुण झाले की गाडी घरी ठेवायची. आज तेथे हाती मोबाइल धरून गाडी चालविल्यास एकदम सहा गुण चढतात, म्हणजे निम्मी मजल एका फोनात! जर्मनीने १९७४ मध्ये फ्लेन्सबुर्ग गावच्या नोंदणी कचेरीत साऱ्या देशाचे खाते उघडले. २०१४ पासून तेथे आठ गुणांवर परवाना जातो. फ्रान्सने १९९२ च्या जुलैत ही पद्धत सुरू केली, तेव्हा मालमोटारींच्या चालकांनी रस्ते अडवून देश ठप्प केला. त्यांचे म्हणणे सरळ होते : ‘दुसऱ्याचा परवाना गेला तर त्याची सहल चुकते, आमचा गेला तर चूल विझते.’

आपल्याकडे दोषगुणांची बीजे जुनीच आहेत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातही परवान्यावर शेरा मारण्याची सोय होती. १९८८ च्या कायद्यातही ती आहे. चालकाला अपात्र ठरविले तर तशी नोंद परवान्यावर होते, आणि पुढे तीन वर्षे नवी नोंद झाली नाही तर त्याला कोरा परवाना मागण्याचा हक्क आहे. २०१४ साली केंद्राने रस्ते सुरक्षेच्या विधेयकाचा जो मसुदा काढला, त्यात गुणांची योजना होती. ते विधेयक मात्र कायदा झाले नाही. तेलंगणाने १ ऑगस्ट २०१७ पासून आपल्यापुरती गुणपद्धती सुरू केली. तीत चोवीस महिन्यांत बारा गुण झाले की वर्षभर परवाना बंद. पण येथे एक पेच आहे. परवाना साऱ्या भारतात चालतो. हिंगणघाटवरून हैदराबादेकडे जाणारा मालमोटारचालक एका रस्त्यावर तीन-चार राज्ये ओलांडतो. प्रत्येक राज्याने आपली वेगळी वही ठेवली, तर गावात चार दुकानांत उधारी करून कोणालाच पत्ता लागू न देणाऱ्या गिऱ्हाईकासारखी गत होईल. वही एकच हवी. परवान्यांची देशभरची नोंद आता ‘सारथी’ या संगणकीय यादीत असल्यामुळे ते अशक्य राहिलेले नाही.

इथवर सारे ठीक दिसते. पण न्यायाची परीक्षा यापुढेच आहे, आणि तिचे प्रश्न चार आहेत.

पहिला प्रश्न : गुण कोणाच्या नावावर? रस्त्यावरचा कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, चालवणाऱ्याचा परवाना त्याला दिसत नाही. ई-चलान जाते मालकाच्या मोबाइलवर. गाडी भाच्याने नेलेली असो, नोकराने नेलेली असो, की गाडी दोन वर्षांपूर्वी विकून कागद बदलायचे राहिलेले असोत. पैशाचा दंड एक वेळ घरातल्या घरात वाटून घेता येईल, पण दुसऱ्याच्या चुकीसाठी आपला परवाना गेला तर तो अन्यायच होय. गाडी कोण चालवीत होता हे सांगण्याचे बंधन आपल्या कायद्याच्या १३३ व्या कलमाने मालकावर घातले आहे. फ्रान्सने २०१७ पासून कंपन्यांच्या गाड्यांसाठी चालकाचे नाव कळविणे सक्तीचे केले. मात्र तेथे आजोबांच्या नावावर नातवाचे गुण चढविण्याच्या लबाड्याही झाल्या आहेत. तेव्हा चालकाची ओळख पटल्याशिवाय गुण चढवू नये, हा पहिला नियम असावा.

दुसरा प्रश्न : जो जास्त चालवतो, त्याचे काय? आपला रिक्षावाला दिवसाला १०० किलोमीटर फिरतो असे धरू. वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ३०,००० किलोमीटर. बाईंची स्कूटर जाऊन-येऊन ८ किलोमीटर, म्हणजे वर्षाला २,४००. दोघेही सारख्याच काळजीने चालवीत असले, आणि दर ३,००० किलोमीटरला एखादी किरकोळ चूक होते असे मानले, तर रिक्षावाल्याच्या खात्यावर वर्षाला दहा चुका आणि बाईंच्या खात्यावर एकही नाही अशी स्थिती येईल. बेरीज दिसायला समान, पण माप असमान! मग धंदेवाईक चालकाला सवलत द्यावी काय? तसेही सरळ म्हणता येत नाही. त्याच्या मागे बसलेल्या माणसांचे प्राण त्याच्या हाती असतात. तेलंगणाने दारू पिऊन मोटार चालविणाऱ्याला चार गुण ठेवले, तर बस-टॅक्सीच्या चालकाला पाच, ते यामुळेच. मला वाटते, येथे अपराधांचीच वर्गवारी करावी. मद्यपान, सिग्नल तोडणे, बेफाम वेग यांत कोणालाही सूट नको. आमचा जिल्हा तर दारूबंदीचा, तेथे पिऊन चाकावर बसणाऱ्याची कीव कशाला? पण गाडी चुकीच्या जागी उभी करणे यासारख्या किरकोळ चुकांचे गुण शिक्षणवर्गाने लवकर उतरविण्याची मुभा असावी. फ्रान्सात दोन दिवसांच्या वर्गाने चार गुणांपर्यंत परत मिळतात. आपल्या २०१९ च्या दुरुस्तीतही परवाना परत मिळण्याआधी उजळणी-वर्गाची तरतूद आहे. तो वर्ग मात्र वर्ध्यातच आणि रोजीच्या वेळा सांभाळून भरला पाहिजे. त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागले तर तोही एक दंडच!

तिसरा प्रश्न : चूक कोणाची, आणि भोगतो कोण? सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना कळविले, की अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान, मोबाइल, मालमोटारीत जादा भार आणि तीत माणसे बसविणे या अपराधांना निदान तीन महिने परवाना स्थगित करावा. त्यातले बाकीचे अपराध चालकाच्या हातचे आहेत. पण जादा भार? माल भरतो शेठजीचा मुनीम, फेरीचा भाव ठरवतो मालक, ‘सकाळपर्यंत पोचलाच पाहिजे’ असा फोन करतो व्यापारी. चालकाने ‘नाही’ म्हटले तर दुसरा चालक तयारच असतो. अशा वेळी गुण एकट्या चालकावर चढवणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. मालकाच्या परमिटवरही तेवढेच गुण चढले पाहिजेत. २०२४ च्या जानेवारीत अपघात करून पळून जाणाऱ्यांसाठीच्या नव्या कडक कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या थांबविल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, हे आपण पाहिले आहे. शिक्षेचा सारा भार आपल्याच माथी येणार, अशी शंका एकदा मनात बसली की चांगला कायदाही वैरी वाटू लागतो.

चौथा प्रश्न : ऐकून घेणारा कोणी आहे काय? आजच्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे परवाना रद्द करण्याआधी अधिकाऱ्याने चालकाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारणे लिहून ठेवली पाहिजेत, आणि त्या हुकुमावर तीस दिवसांत अपील करता येते. कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, असा नियम २०२१ मध्ये झाला. गुणांची बेरीज यंत्र करील, पण परवाना काढून घेण्याचा निर्णय यंत्राचा असू नये. इंग्लंडात बारा गुण झाल्यावरही ‘माझ्यावर असाधारण संकट ओढवेल’ असे न्यायाधीशापुढे मांडण्याची सोय आहे. तिचा दुरुपयोगही होतो म्हणतात. तरी ती सोय असणे, नसण्यापेक्षा बरे.

या पद्धतीने अपघात कमी होतात काय, असे विचाराल तर होतात, पण एक गोम आहे. अनेक देशांतल्या अनुभवांचा ताळा घेऊन स्पेनच्या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की सुरुवातीला अपघात आणि मृत्यू शेकडा १५ ते २० नी घटतात, पण दीड वर्षाच्या आत तो परिणाम ओसरतो. कारण उघड आहे. लोक आधी कायद्याला भितात, मग पकडले जाण्याची शक्यता किती हे त्यांना कळते. चौकात पोलीस नसला की भीतीही नसते. आणि ज्याच्याजवळ परवानाच नाही, त्याला गुणांची कसली क्षिती? शाळकरी मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या घरात दोषगुण पोचतच नाहीत. तेथे आई-बापांनीच आवर घातला पाहिजे.

तेव्हा निर्वाळा असा. ज्याची पैशाची पिशवी जड, त्यालाही जी शिक्षा चुकविता येत नाही, ती दंडापेक्षा अधिक न्यायाची आहे. पण तिच्या वहीत खऱ्या चालकाचे नाव पडले पाहिजे, मालकाचा वाटा मालकाच्या पदरी गेला पाहिजे, गरिबाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि सुधारलेल्याचा हिशेब वेळेवर पुसला गेला पाहिजे. नुसते लक्षात ठेवणारी वही सूड घेते. लक्षात ठेवून योग्य वेळी विसरणारी वही माणूस घडवते.

वाचकहो, ही पद्धत साऱ्या देशाला लागू होईल तेव्हा होईल. तोवर दोन कामे आपल्या हातची आहेत. विकलेल्या गाडीचे कागद उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन आजच बदलून घ्या, आणि आपल्या परवान्याशी व गाडीशी जोडलेला मोबाइल नंबर आपलाच चालू नंबर आहे ना, हे तपासा. म्हणजे दुसऱ्याने उधळलेले गुण तुमच्या नावावर चढणार नाहीत. आपण स्वतः उधळू नयेत, हे तर कोणत्याही कायद्याची वाट न पाहता आजपासूनच करता येईल.