आंबटाने उजळलेले सोने

पेण आणि रोहे तालुक्यांत भाताच्या बांधांवर उगवणाऱ्या आंबुशीचा सुवर्णकलेशी काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. परंतु कोलंबसाच्या आगमनापूर्वीच्या अमेरिकेत, विशेषतः आजच्या कोलंबियाच्या डोंगराळ भागात, आंबुशीच्याच जातकुळीतील पाल्याच्या रसाने दागिने उजळले जात असावेत, असे अभ्यासक मानतात. या पाल्याला आंबटपणा येतो तो ऑक्झॅलिक आम्लामुळे.

तेथील मुइस्का कारागीर शुद्ध सोन्याऐवजी बहुधा ‘तुंबागा’ म्हणजे सोने व तांबे यांचा मिश्रधातू वापरीत. सोने 1064 आणि तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते, पण चार भाग सोन्यात एक भाग तांबे मिसळले की ते मिश्रण सुमारे 910 अंशांनाच पातळ होते, आणि तोंडाने फुंकणी फुंकून कोळसा पेटता ठेवणाऱ्याला हा दीडशे अंशांचा फरक फार मोलाचा असतो.

असा दागिना मात्र तांबूस दिसतो, आणि खरी करामत येथून पुढे सुरू होते. दागिना हवेत तापवला की पृष्ठभागावरील तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन काळा थर धरतो. सोने मात्र ऑक्सिजनला दाद देत नाही. आंबट रसात हा काळा थर विरघळतो आणि तापवणे-बुडवणे हा क्रम पुनःपुन्हा केल्यावर सर्वांत वरच्या, काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या थरात जवळजवळ सोनेच उरते. गेलेल्या तांब्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहिल्याने हा थर सच्छिद्र आणि मातकट पिवळा दिसतो. गुळगुळीत दगडाने घोटल्यावर पोकळ्या मिटतात व चकाकी येते. अँडीज प्रदेशातील धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन यांच्या मते, वस्तूच्या अंगी असेल तेच बाहेर दिसावे, ही धारणा या तंत्रामागे होती. हे मत पटण्याजोगे आहे, कारण केवळ सोने वाचवायचे असते तर तांब्यावर सोन्याचा पातळ पत्रा चढवणे अधिक स्वस्त पडले असते.

मेणाचा नमुना मातीने लिंपून, तापवून मेण काढून टाकून, उरलेल्या पोकळीत धातू ओतण्याची पद्धत मुइस्कांप्रमाणेच आपल्याकडेही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या वजनाच्या बारापट चांदी किंवा सोळापट सोने घेण्यास सांगितले आहे. शुद्ध सोने मेणाच्या सुमारे वीसपट जड असते, तेव्हा सोळापटीचा हिशेब बरेच हीण मिसळलेल्या सोन्यालाच जुळतो, हे येथे लक्षात येते.

झाळकामानंतर दागिन्यावर आलेला काळेपणा चिंचेच्या पाण्यात उकळून काढणे ही मराठी सोनारांची जुनी रीत. चिंचेतील टार्टारिक आम्ल तेथे आंबुशीच्या आम्लाचेच काम करते. बावीस कॅरेटच्या सोन्यात हीण जेमतेम साडेआठ टक्के असल्याने वरच्या थराचा रंग फारसा पालटत नाही, पण हिणकस दागिन्यात तो बराच पालटू शकतो.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच. सराफाकडील क्ष-किरण यंत्र, धातूवर क्ष-किरण पडल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या विशिष्ट ऊर्जेच्या किरणांवरून कस सांगते. परंतु हे किरण वरच्या अत्यंत पातळ थरातूनच येत असल्याने उजळलेला दागिना यंत्राला चकवू शकतो. खात्रीची कसोटी अजूनही अग्निपरीक्षेचीच, म्हणजे दागिन्याचा कण शिशासह तापवून त्यातील हीण वेगळे काढण्याची. ती घरी करता येत नाही. म्हणून पेण-रोह्याच्या बाजारात सोने घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, बावीस कॅरेटसाठी 916 हा आकडा आणि अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक पाहावा आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळल्याखेरीज पैसे मोजू नयेत.