लकव्यानंतर घास गिळता येत नाही, ॲक्युपंक्चरने फरक पडतो का?

लकवा मारला की घरच्यांचं सगळं लक्ष हातापायाकडे. हात उचलतोय का, पाय टाकतोय का. घशाकडे कुणी बघत नाही. पण गिळण्याचे स्नायूही मेंदूच्याच हुकमावर चालतात. म्हणून लकव्यानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना नीट गिळता येत नाही. चमच्याने पाजलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. कधी कधी ठसकाही लागत नाही, त्यामुळे कुणाला कळतही नाही.

किनवट, देगलूरचे पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात येतात, उदगीर-निलंग्याचे लातूरला. नाकात नळी घालून घरी परतलं की कुणीतरी सुचवतं, ‘सुया टोचून बघा.’

हा सल्ला अगदीच हवेतला नाही. चीनमध्ये हा उपचार सर्रास होतो. हनुवटीखाली, कंठाच्या वर आणि मानेच्या मागे बारीक सुया टोचतात. त्यामुळे गिळण्याच्या नसांना चालना मिळते, असा दावा आहे.

पुरावा काय सांगतो? जगभरातले वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेला २००८ साली यावर फक्त एकच चाचणी सापडली, ६६ रुग्णांची. त्यावरून काहीच ठरवता आलं नाही. २०१८ साली गिळण्यावरच्या सगळ्याच उपचारांच्या ४१ चाचण्या तपासल्या, रुग्ण २,६६०. ॲक्युपंक्चर घेतलेल्यांचं गिळणं सुधारल्याचं त्यात दिसलं. मात्र मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, आणि बऱ्याच चाचण्यांचा दर्जा यथातथाच होता. थोडक्यात, जोडीला चालेल, पण एकट्या सुयांवर विसंबण्याइतका भरवसा नाही.

शिवाय सुया एकदा टोचून भागत नाही, काही आठवडे फेऱ्या माराव्या लागतात. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. त्याच गाडीभाड्यात आधी स्पीच थेरपिस्टकडे गेलेलं बरं. गिळण्याचे व्यायाम तेच शिकवतात आणि ते घरीही करता येतात.

तरीही सुया घ्यायच्याच असतील, तर महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे. उपचार करणाऱ्याची महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, लकव्याच्या बऱ्याच पेशंटना त्या असतात. सुया नव्या, एकदाच वापरायच्या हव्यात.

आणि बरं वाटतंय म्हणून नळी घरी काढू नका. गिळण्याची तपासणी झाल्यावर डॉक्टर ठरवतील. तोंडाने देणं सुरू झाल्यावरही पेशंटला ताठ बसवूनच भरवा. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल किंवा ताप चढला, तर पाजणं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.